चेहऱ्यावरचे व्याकरण

‘पाट’, ‘माठ’ आणि ‘भाट’ हे तीन शब्द आरशासमोर उभे राहून, आवाज न काढता उच्चारून पाहावेत. ओठांची हालचाल तिन्ही वेळा जवळजवळ सारखीच दिसते, कारण प, म आणि भ या तिन्हींसाठी ओठ एकाच रीतीने मिटतात, आणि ट व ठ यांतील फरक तोंडाच्या आत घडत असल्याने तो बाहेरून दिसत नाही. क, ग यांसारखे कंठ्य वर्ण तर ओठांवर फारसे उमटतच नाहीत. ओठवाचन करणारी बधिर व्यक्ती म्हणूनच संदर्भाच्या आधारे सतत अंदाज बांधत वाक्य जुळवत असते, आणि बोलणाऱ्याने मान वळवली की तो आधारही सुटतो.

असे असूनही बधिर मुलांच्या शिक्षणाचा सारा भार दीर्घकाळ ओठवाचनावर आणि उच्चार शिकवण्यावर टाकला गेला. १८८० साली इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, जिच्यात बहुतेक प्रतिनिधी ऐकू येणारे होते, वर्गात खुणांऐवजी तोंडी भाषाच वापरावी असा ठराव केला. मुंबईत बधिर मुलांची शाळा सुरू झाली तीही त्याच दशकात, आणि पुढे भारतातील बहुसंख्य शाळांनी तोंडी पद्धतच स्वीकारली. वर्गात हात बांधलेले राहिले, तरी मैदानात आणि वसतिगृहात मुले हातांनी बोलतच राहिली. आज आपण जिला भारतीय सांकेतिक भाषा म्हणतो ती अशा शाळांमधून आणि बधिरांच्या मंडळांमधून एका पिढीकडून दुसरीकडे आली.

ही भाषा म्हणजे मराठीचे किंवा हिंदीचे हातांनी केलेले भाषांतर नव्हे. पुरुषासाठी मिशीच्या जागी बोट फिरवतात, स्त्रीसाठी चमकीच्या जागी नाकाला बोट लावतात, आणि हीच खूण भावंडाच्या खुणेला जोडली की भाऊ किंवा बहीण होते. प्रश्नांची रचना तर विशेष लक्ष देण्याजोगी आहे. मराठीत कोण, कुठे, कधी असे वेगवेगळे शब्द आहेत. या भाषेत प्रश्नाची एकच सर्वसाधारण खूण पुरते. ती चेहऱ्याच्या खुणेला जोडली की ‘कोण’, जागेच्या खुणेला जोडली की ‘कुठे’ आणि वेळेच्या खुणेला जोडली की ‘कधी’. ही प्रश्नखूण वाक्याच्या शेवटी येते, आणि नकारही शेवटीच येतो. ज्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे असते, त्यासाठी मात्र हाताची वेगळी खूण लागत नाही: विधानाच्याच खुणा करताना डोळे विस्फारले आणि डोके किंचित पुढे झुकवले की त्याचा प्रश्न होतो. ऐकू येणाऱ्यांना जो केवळ हावभाव वाटतो, तो येथे व्याकरणाचा भाग असतो. ‘देणे’ या क्रियापदात हात देणाऱ्याच्या जागेकडून घेणाऱ्याच्या जागेकडे जातो, त्यामुळे कोणी कोणाला दिले हे त्या एका हालचालीतच कळते.

सांकेतिक भाषांना भाषाशास्त्रात स्थान मिळाले ते अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन सांकेतिक भाषेच्या विश्लेषणानंतर. पुढे मेंदूच्या अभ्यासातून त्याला बळकटी मिळाली: मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली, तर खुणांनी बोलणाऱ्या बधिर व्यक्तीचीही भाषा बिघडते, जशी ती तोंडाने बोलणाऱ्याची बिघडते. जगभर एकच सांकेतिक भाषा आहे हा समजही चुकीचा आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन बधिर माणसांना एकमेकांच्या खुणा सहज समजत नाहीत. भारतातही दिल्ली, मुंबई, कोलकाता येथील खुणांत फरक आढळतो, मात्र व्याकरणाचा सांगाडा बराचसा समान आहे. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १०,००० नोंदी झाल्या.

सर्व बधिर माणसे एकाच मार्गाने बोलतात असेही नाही. कोणी श्रवणयंत्र वापरतो, कोणी लिहून किंवा व्हिडिओ कॉलवर खुणांनी बोलतो. ज्यांना दिसतही नाही असे बधिरांध लोक समोरच्याच्या हातांवर आपले हात ठेवून खुणा स्पर्शाने वाचतात. बहुतेक बधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात आणि घरात स्वतःच्या चार खुणा तयार करतात, पण चार खुणा म्हणजे भाषा नव्हे. भाषा आत्मसात करण्याची पहिली मौल्यवान वर्षे अशी निघून जातात, याचे मला फार वाईट वाटते. कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेले ऐकण्याचे यंत्र, असलेल्या मुलालाही सांकेतिक भाषा शिकवली, तर त्यात त्याचे नुकसान नाही. यंत्राचा बाहेरचा भाग काढून ठेवल्यावरही ती त्याच्यापाशी राहते.

‘मूकबधिर’ हा शब्द या समाजाला नकोसा वाटतो, आणि ते योग्यच आहे, कारण ज्यांच्यापाशी संपूर्ण भाषा आहे ते मूक कसे? या समाजाच्या चालीरीती डोळ्यांवर बेतलेल्या आहेत. हाक मारण्यासाठी खांद्यावर हलकेच थोपटतात किंवा दिवा उघडमीट करतात, आणि टाळ्यांऐवजी दोन्ही हात उंच करून बोटे पसरून हलवतात. प्रत्येकाला एक खूणनाव असते, जे गालावरची खळी, कपाळावरचा व्रण किंवा एखादी लकब पाहून इतर बधिर माणसे ठेवतात. ऐकू येणारा कोणी ही भाषा शिकू लागला, तरी त्याने स्वतःचे खूणनाव स्वतः ठेवायचे नसते. त्याच्यासोबत पुरेसा वेळ घालवल्यावर बधिर माणसेच ते त्याला देतात.