दुसऱ्याचं दुःख वाहणाऱ्यांची दमणूक

"चार नंबर पुन्हा ओरडतोय." रात्रपाळी संपता संपता एखादी परिचारिका असं बोलून जाते आणि ऐकणाऱ्याला ती निगरगट्ट वाटते. रुग्णाचं नाव गळून खाटेचा नंबर उरणं, हे बर्नआउटचं, म्हणजे कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या दमणुकीचं, ओळखीचं लक्षण आहे. क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन या संशोधकांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन गोष्टी तपासल्या जातात: भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयीचा कोरडेपणा आणि 'आपल्या हातून काही होत नाही' ही भावना. कोरडेपणा बहुधा थकव्याच्या मागून येतो. आणखी झळ लागू नये म्हणून मन अंग चोरतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, पण आजार म्हणून नव्हे, तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. हा कागदी कीस नाही. आजार म्हटलं की सगळं त्या एका माणसावर ढकलता येतं. कामाशी जोडलं की ड्युटीचा तक्ताही तपासावा लागतो.

मग जीव लावणाऱ्यांनी जीव लावणं कमी करावं का? ओल्गा क्लिमेकी, टानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी याच्या जवळ जाणारा एक प्रयोग केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहभागींना आधी इतरांच्या वेदनेशी समरस व्हायला शिकवलं. यातनांची दृश्यं पाहताना त्यांची अस्वस्थता वाढली आणि मेंदूत अग्र इन्सुला हा भाग अधिक सक्रिय झाला. स्वतःची वेदना जाणवतानाही तो सक्रिय होतो. मग त्याच लोकांना करुणेचा सराव दिला: दुःख पाहायचं, पण त्या माणसाचं भलं व्हावं या भावनेवर मन ठेवायचं. अस्वस्थता ओसरली, सुखद भावना वाढल्या आणि मेंदूच्या वेगळ्याच भागांत, आपुलकी आणि समाधानाशी निगडित जाळ्यात, हालचाल दिसली. म्हणजे दमवते ती आपुलकी नव्हे. दुसऱ्याची वेदना स्वतःची करून घेणं दमवतं. अर्थात प्रयोगशाळेतला सराव आणि गच्च भरलेला वॉर्ड यांत अंतर आहे.

विश्रांतीचंही तसंच. मानसशास्त्रज्ञ सबिने सोनेनटाग यांच्या संशोधनानुसार नुसतं घरी येणं पुरत नाही, मनही कामातून सुटावं लागतं. ज्यांच्यावर ताण जास्त, त्यांनाच हे सुटणं सर्वांत अवघड जातं. अंथरुणावर पडलं तरी मॉनिटरचा आवाज कानात घुमत राहतो. सुट्टीचा तजेलाही कामावर परतल्यावर काही आठवड्यांत ओसरतो. खाटा तेवढ्याच आणि माणसं कमी असतील, तर तो टिकेल तरी कसा?