दचकण्याची पूर्वतयारी

थ्रिलर बघून बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "सगळी करामत म्युझिकची. आवाज बंद केला तर काही नाही त्यात." हे निम्मंच खरं आहे. अचानक मोठा आवाज झाला की माणूस दचकतोच. शेजारच्या पोराने सुतळी बॉम्ब लावला तरी दचकतो. खरी कारागिरी त्याआधीच्या शांत मिनिटांत असते, आणि तेव्हा आपल्या मेंदूत काय चाललेलं असतं हे आता बऱ्याच तपशिलात कळलं आहे.

आधी दचकणं समजून घेऊ. ही शाळेत शिकलेली प्रतिक्षिप्त क्रिया. कानातून निघालेला संदेश मेंदूच्या बुडाशी, मस्तिष्कपुच्छाच्या जरा वर असलेल्या पॉन्स या भागात जातो. तिथे मोठ्या चेतापेशींचा एक पुंजका आहे. नाव लांबलचक आहे, न्यूक्लिअस रेटिक्युलॅरिस पॉन्टिस कॉडॅलिस, म्हणून पुढे नुसतं पीएनसी म्हणू. तिथून पापण्या, मान, खांदे यांच्या स्नायूंना हुकूम सुटतो. विचार करणारा प्रमस्तिष्काचा भाग या वाटेवर लागतच नाही. डोळ्याखाली इलेक्ट्रोड लावून मोजलं, तर आवाजानंतर 30 ते 50 मिलिसेकंदांत पापणीचा स्नायू आकसायला लागतो. सिनेमाची एक फ्रेम पडद्यावर साधारण 42 मिलिसेकंद असते. दाराआडून आलेला चेहरा ओळखायला मेंदूला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे अंग शहारतं तेव्हा कशाने शहारलं, हे आपल्याला अजून कळलेलंच नसतं.

प्रयोगशाळेत यासाठी साधारण 95 ते 105 डेसिबलचा, जेमतेम 50 मिलिसेकंदांचा खरखरीत आवाज वापरतात. नीट जुळवलेल्या थिएटरमध्ये पडद्यामागच्या एकेका चॅनेलची कमाल पातळीही 105 डेसिबलच असते.

आता यातला मला सर्वांत मोहवणारा भाग. 1951 मध्ये अमेरिकेत ब्राउन, कॅलिश आणि फार्बर यांनी उंदरांना एका इशाऱ्यानंतर शॉक बसण्याची सवय लावली. मग तो इशारा चालू असताना मोठा आवाज केला. आवाज तोच, पण उंदीर जास्त जोराने उसळले. पुढे मायकेल डेव्हिस यांनी या वाढीचा मार्ग शोधला. भीतीशी जोडलेल्या, मेंदूतल्या अमिग्डाला या भागाकडून चेतातंतू पीएनसीपर्यंत येतात. अमिग्डाला दचकणं सुरू करत नाही, ती पंख्याच्या रेग्युलेटरसारखी त्याचा जोर ठरवते. थ्रिलरचा दिग्दर्शक पंधरा मिनिटं हा रेग्युलेटर फिरवत असतो.

अंधाराचाही यात हातभार आहे. 1997 मध्ये क्रिस्चन ग्रिलॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की माणूस अंधारात जास्त दचकतो. त्याच वर्षी डेव्हिस यांच्या प्रयोगशाळेत उंदीर लख्ख उजेडात जास्त दचकताना दिसले, कारण तो निशाचर प्राणी. त्याला धोका उजेडात. या उजेडाच्या प्रयोगात अमिग्डालाच्या मध्यवर्ती केंद्रकापेक्षा बीएनएसटी हा शेजारचा भाग महत्त्वाचा ठरला. समोरचा धोका ओळखून उठलेली भीती वेगळी आणि 'कधीतरी, काहीतरी होणार' ही ताटकळणारी धास्ती वेगळी, असा विचार यातून पुढे आला. दोघांची वाटणी इतकी स्वच्छ नाही हे नंतर दिसलं. पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: धोका केव्हा येणार ते ठाऊक नसलं, की मधल्या रिकाम्या वेळातही माणूस जास्त दचकतो. थ्रिलरचा सगळा व्यवहार या रिकाम्या वेळात चालतो.

समजा गिरगावातल्या जुन्या चाळीचा लाकडी जिना चढून एक बाई वर येते आहे. सुरुवातीला साउंड ट्रॅकवर सगळं आहे: कुणाचा तरी टीव्ही, कुकरची शिट्टी, कबुतरं, खाली टॅक्सी. मिक्सिंगला बसलेला माणूस एकेक आवाज काढून घेतो, इतक्या हळू की आपल्या लक्षात येत नाही. शेवटी उरतं पाऊल आणि पायरीची करकर. ती करकर फोली कलाकाराने स्टुडिओत जुन्या फळीवर चप्पल दाबून वेगळी रेकॉर्ड केलेली असते, म्हणून हवी तेवढी पुढेमागे सरकवता येते. ठेका बसतो. मग एक पाऊल उशिरा पडतं. काहीच झालेलं नसतं, पण आपण खुर्चीचा हात धरलेला असतो.

कॅमेरा मात्र याच वेळी जवळ जवळ येतो. 2015 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात थ्रिलरमधल्या प्रसंगांभोवती लुकलुकणारे चौकोन दाखवून प्रेक्षकांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. प्रसंगातला ताण वाढला की कडेच्या चौकोनांना दृष्टिकेंद्राचा प्रतिसाद कमी व्हायचा. क्लोज-अप जे पडद्यावर करतो, ते मेंदू आतून आधीच करत असतो.

हा ताण एका गाण्याने उतरतो, हे मुंबईच्या सिनेमावाल्यांना फार पूर्वी कळलं होतं. 1960 चा 'कानून' एकाही गाण्याशिवाय काढणं ही त्या काळी मोठी हिंमत होती, आणि मला ती आजही थोर वाटते.

आता त्या '19 हर्ट्झच्या भुताच्या फ्रिक्वेन्सी'बद्दल. "सिनेमावाले ऐकू न येणारा आवाज सोडून मेंदू हॅक करतात" असे व्हिडिओ फिरत असतात. याचं मूळ 1998 च्या इंग्लंडमधल्या एका लेखात आहे: व्हिक टँडी यांना प्रयोगशाळेत 'भूत' जाणवलं आणि त्यांनी दोष एका पंख्याच्या 19 हर्ट्झच्या कंपनाला दिला. एका खोलीतला हा अनुभव म्हणजे सिद्धान्त नव्हे. शिवाय बहुतेक थिएटरांतले सबवूफर 25-30 हर्ट्झच्या खाली फारसं काही वाजवूच शकत नाहीत. भुतावर विश्वास ठेवायचा नाही आणि भुताच्या फ्रिक्वेन्सीवर ठेवायचा, ही अंधश्रद्धाच झाली.

दिग्दर्शकाची खरी अडचण वेगळीच आहे. तोच आवाज लागोपाठ ऐकवला तर दचकणं भराभर बोथट होतं. प्रयोगशाळेत पहिल्या काही आवाजांतच प्रतिसाद उतरलेला दिसतो. म्हणून दर दहा मिनिटांना दणका देणारा सिनेमा उत्तरार्धात फुसका निघतो, आणि जाणता संकलक दोन-तीन दणक्यांवर भागवून उरलेला वेळ जिन्याच्या पायऱ्यांना देतो.