बाळाला ‘कळतं’ म्हणजे काय? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

डोळ्यांआड गेलेली वस्तू बाळाच्या लेखी उरते का, हे एका स्विस संशोधकाने १९२०-३०च्या दशकांत स्वतःच्या तीन मुलांवर तपासलं. खेळणं फडक्याखाली झाकायचं आणि मूल ते शोधतं का, हे टिपून ठेवायचं. आठ-नऊ महिन्यांच्या आत मूल फडकं उचलत नाही, म्हणजे वस्तू त्याच्यासाठी संपलीच, हा निष्कर्ष पुढे कित्येक वर्षं टिकला. पण मुळात फडकं उचलायला हातच तयार नसतील तर?

म्हणून हात सोडून डोळ्यांकडे लक्ष गेलं. १९८५च्या अमेरिकेतल्या प्रयोगात पाच महिन्यांचं बाळ पालकाच्या मांडीवर. समोर एक फळी खालच्या कडेवर, बिजागरीवरच्या झाकणासारखी पुढेमागे पूर्ण १८० अंश फिरते. बाळ कंटाळेपर्यंत तेच. मग फळीमागे खोकं ठेवतात. एकदा फळी खोक्याला अडते, एकदा खोकं नसल्यासारखी आरपार जाते. बाळ कुठे किती वेळ टक लावतं, ते आडोशाच्या भोकातून बघणारा माणूस नोंदवतो. अनपेक्षित काही दिसलं की बाळ जास्त वेळ बघतं, असं यामागचं गृहीतक. अशक्य प्रसंगाकडे, म्हणजे आरपार जाणाऱ्या फळीकडे, बाळं जास्त वेळ बघत राहिली.

सगळा गुंता इथून सुरू झाला. जास्त बघितलं, म्हणून ‘खोकं तिथेच आहे हे बाळाला कळतं’ असं म्हणायचं का? आपल्या ‘कळणं’ या शब्दात जाणवणंही येतं आणि उमजणंही. २०००च्या सुमारास आक्षेप आला की १८० अंशांची फेरी बाळाच्या ओळखीची झालेली असते आणि ते पुरतं कंटाळलेलं नसेल तर ओळखीचंच बघत बसतं. मला हा आक्षेप रास्त वाटतो. नजर रेंगाळली एवढंच सिद्ध होतं. समज हा आपण लावलेला अर्थ आहे. दरम्यान १९९२मध्ये अशाच नजरेच्या नोंदींवरून पाच महिन्यांच्या बाळांना बेरीज-वजाबाकीही बहाल झाली होती.

२००७मध्ये तर नीती-अनीतीपर्यंत मजल गेली. बाळांसमोर एक ठोकळा टेकडी चढू बघतो, दुसरा त्याला मदत करतो, तिसरा अडवतो. मग या दोघांतून एक निवडायला दिल्यावर मदत करणारा ठोकळा दहा महिन्यांच्या १६पैकी १४ बाळांनी निवडला. सोळाच बाळं! २०२४मध्ये ३७ प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रयोग केला, तेव्हा निवड जवळपास निम्मी-निम्मी निघाली. यात ठोकळ्यांऐवजी व्हिडिओ होता, हा फरक विसरू नये.

पुढची वाट अशाच सामाईक प्रयोगांची आहे. पद्धत आधी जाहीर करायची आणि बाळं शेकड्यांनी तपासायची. काही चाचण्या आता घरबसल्या वेबकॅमवरही होतात. मात्र आजवर तपासलेली बहुतेक बाळं पाश्चात्त्य, सुखवस्तू घरांतली आहेत. दिवसभर आजीच्या कडेवर, माणसांच्या गजबजाटात वाढणारं बाळ या नोंदींमध्ये अजून फारसं आलेलंच नाही.