ऑर्डर देण्याआधी वाचा: व्हीआयपी लष्करी विमानांचे रंग

नमस्कार.

आम्ही विमानांची स्केल मॉडेलं रंगवतो आणि त्यांची डिकॅल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची छापील अक्षरं आणि खुणा, छापतो. दोघं रंगाला, एक जण छपाईला, एवढाच पसारा. फोनवर हमखास येणारी मागणी म्हणजे, "पंतप्रधानांचं विमान करून द्या" किंवा "एअर फोर्स वन पाहिजे." त्यावर आमचे दोन प्रश्न ठरलेले असतात: कुठल्या सालचं, आणि शेपटीवरचा नंबर काय? काहींना हा टाळाटाळीचा प्रकार वाटतो. आम्ही हे का विचारतो, ते एकदाच नीट सांगावं म्हणून हे पत्रक.

नाव नको, नंबर द्या

'एअर फोर्स वन' नावाचं विमान नसतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हवाई दलाच्या ज्या विमानात बसलेले असतील, त्याला रेडिओवर त्या नावाने हाक मारतात. ते उतरले की नावही उतरलं. लोकांच्या डोळ्यांसमोर असतात ती व्हीसी-२५ए, म्हणजे बोइंग ७४७-२००बी वरून केलेली दोन विमानं. त्यांचे शेपटीचे क्रमांक २८००० आणि २९०००. पण तोच निळा-पांढरा पेहराव सी-३२ए या विमानांवरही आहे, आणि ती मुळात बोइंग ७५७. तेव्हा "ते अमेरिकेचं निळं-पांढरं" एवढ्या वर्णनात चार इंजिनांचं एक आणि दोन इंजिनांचं एक अशी दोन वेगळी किट बसतात.

आपल्याकडे सालाचा घोळ जास्त होतो. 'पंतप्रधान परदेश दौऱ्यावर, २०१५' असं म्हणाल तर ते विमान लष्करी नव्हतंच. ते एअर इंडियाचं ७४७-४०० होतं, कंपनीच्याच रंगात, खिडक्यांभोवती लाल झरोके काढलेलं. हवाई दलाची ७७७-३००ईआर मिळाली २०२० च्या ऑक्टोबरात. त्यांचे क्रमांक के७०६६ आणि के७०६७. पांढरं अंग, शेपटीवर तिरंगा, अशोकस्तंभाची मुद्रा आणि 'भारत', 'इंडिया' ही नावं. गंमत अशी की हीच दोन विमानं आधी एअर इंडियाकडे नोंदलेली होती, म्हणजे त्याच धातूच्या अंगावर आधी दुसरे कपडे होते. १/१४४ मापात हे ७७७ साधारण ५१ सेंटिमीटर लांब होतं. कपाट आधी मोजून घ्या. हे आम्ही अनुभवावरून सांगतोय.

जपानचंही तसंच. २०१९ पर्यंत ७४७-४००, तिथून पुढे ७७७-३००ईआर. दोन्ही पांढरी-लाल, त्यामुळे लांबून सारखीच वाटतात. पण जुन्यावर लाल पट्टा खिडक्यांच्या रांगेने सरळ जातो, नव्यावर तो वळण घेत शेपटीकडे रुंदावतो. जुन्याची डिकॅल नव्याला लावता येत नाहीत.

राखाडी की पांढरा

लष्कराच्या वाहतूक विमानाला दिसायचं नसतं, आणि सरकारी पाहुण्यांच्या विमानाला तर दिसण्यासाठीच रंगवलेलं असतं. एकाच हवाई दलाच्या एकाच हँगरात या दोन्ही गरजा शेजारी शेजारी उभ्या असतात, आणि ओढाताण तिथेच सुरू होते. राष्ट्राध्यक्षांच्या गाड्या वाहून नेणारं सी-१७ मॅट राखाडीच राहतं. त्याला पांढरा रंग कोणी मागत नाही.

ब्रिटनचं झेडझेड३३६ हे या ओढाताणीचं चांगलं उदाहरण. हे व्हॉयेजर विमान एअरबस ए३३० वरून केलेलं, मूळ काम हवेत इंधन भरण्याचं. २०१६ मध्ये त्यात राजघराण्यातल्या व्यक्ती आणि मंत्री यांच्यासाठी बसण्याची सोय केली, पण बाहेरून ते राखाडीच ठेवलं. परराष्ट्रमंत्री असताना बोरिस जॉन्सन यांनी २०१८ मध्ये ते राखाडी का, अशी जाहीर कुरकूर केली होती. पुढे ते पंतप्रधान झाले आणि २०२० मध्ये विमान पांढरं झालं, शेपटीवर युनियन जॅक आला, बाजूला सोनेरी अक्षरांत 'युनायटेड किंग्डम' आलं. सुमारे ९ लाख पौंड लागले आणि त्यावर बरीच टीकाही झाली. इंधन भरण्याचं काम मात्र सुटलं नाही. म्हणून या मॉडेलच्या पंखांखालचे पॉड, म्हणजे दुसऱ्या विमानाला इंधन देणारी नळी ज्यात असते ते डबे, काढून टाकू नका. "व्हीआयपी आहे, पॉड कशाला?" असं विचारून एकाने ते आम्हाला कापायला लावले होते. नंतर फोटो पाहून परत जोडावे लागले.

कॅनडाच्या हवाई दलाच्या सीसी-१५० पोलारिस विमानांपैकी १५००१ हे २०१३ मध्ये राखाडीतून पांढऱ्या-निळ्या-लाल रंगात आलं. तेव्हाही लष्करी कामाला राखाडीच बरा, असा आक्षेप निघाला होता. आमच्या दृष्टीने मुद्दा एवढाच: २०१२ चं १५००१ आणि २०१४ चं १५००१ ही दोन वेगळी मॉडेलं आहेत.

निळा पट्टा आणि त्याखालचं आरशासारखं पोट

सगळ्यात जास्त ऑर्डर याच रंगाच्या येतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

१९५९ मध्ये आलेल्या अमेरिकेच्या व्हीसी-१३७ए विमानांवर नाकाला आणि शेपटीकडे भडक नारिंगी रंग होता. लांबून ओळखू यायला उत्तम, पण राष्ट्रप्रमुखाच्या विमानाला तो शोभत नव्हता. १९६२ मध्ये नवं व्हीसी-१३७सी आलं, क्रमांक २६०००. त्यासाठी रेमंड लोई या औद्योगिक डिझायनरने आराखडा केला. राष्ट्राध्यक्ष केनेडींना लालपेक्षा निळा पसंत पडला. लोईने पांढरं छत ठेवलं, नाकापासून निघून मागे निमुळती होत जाणारी गडद आणि फिकट निळी लाट दिली आणि पोट नुसतं घासून चकचकीत केलेल्या धातूचं सोडलं. बाजूच्या अक्षरांना अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या छापील प्रतीवरच्या अक्षरांचं वळण दिलं, म्हणजे कॅस्लन या छपाईच्या जुन्या अक्षरघराण्यातलं. 'यूएस एअर फोर्स' हे शब्द मागे गेले आणि देशाचं नाव पुढे आलं. लष्करी विमान राष्ट्राचं विमान झालं ते या एका बदलाने, असं आमचं मत आहे. बाकी रंग त्यामागोमाग आले. हे मूळ विमान आज डेटन इथल्या अमेरिकी हवाई दलाच्या संग्रहालयात उभं आहे.

ते धातूचं पोट व्हीसी-२५ए वरही आहे, आणि मॉडेल फसतं ते नेमकं तिथेच. बाजारातल्या डब्यातला 'सिल्व्हर' मारला की पोट राखेसारखं दिसतं. आम्ही आधी चकचकीत काळा थर देतो, तो पुरता वाळू देतो आणि त्यावर धातूच्या लॅकरचे दोन अगदी विरळ फवारे एअरब्रशने मारतो. काळा दिसला पाहिजे की नाही अशा बेताने. वर व्हार्निश नाही. व्हार्निश पडलं की आरसा गेला. म्हणूनच या मॉडेलचं पोट हाताने धरू नका. बोटाचा ठसा तिथे कायमचा राहतो.

फिकट निळ्याबद्दलही वाद होतात. छापील चित्रांत तो आकाशी येतो, प्रत्यक्षात त्याला हिरवटपणाची किंचित झाक आहे. अमेरिकन लोक त्याला रॉबिन पक्ष्याच्या अंड्याचा निळा म्हणतात. आम्ही तीच झाक ठेवतो. कुणी "जरा निळा वाढवा" म्हटलं तर वाढवूनही देतो, पण मनापासून नाही.

व्हीसी-२५बी, म्हणजे ७४७-८ वरून होणारी पुढची विमानं, यांची आगाऊ ऑर्डर आम्ही घेत नाही. २०१९ मध्ये गडद निळ्या पोटाचा, लाल पट्ट्याचा आराखडा पुढे आला. २०२२ मध्ये कळलं की गडद रंगाने अंग तापून आतल्या काही भागांना त्रास होईल आणि जास्तीच्या चाचण्या कराव्या लागतील. २०२३ च्या मार्चमध्ये हवाई दलाने जुन्याच वळणाचा, पण फिकट निळा थोडा गडद केलेला आराखडा जाहीर केला. त्यात घासलेल्या धातूचा भाग नव्हता, कारण नव्या विमानाच्या पत्र्याचा मिश्रधातू तसा उघडा ठेवता येत नाही. रंगखोलीत बसून अशी बातमी वाचली की बरं वाटतं. ऊन आणि धातू यांच्यापुढे कुणाचंच चालत नाही. खऱ्या विमानाचे फोटो आल्यावरच आम्ही रंग मिसळू.

झेंडा आणि अक्षरं

आमची एक चूक सांगतो. सुरुवातीच्या एका व्हीसी-२५ए च्या शेपटीला आम्ही दोन्ही बाजूंना एकच झेंडा लावला. ग्राहकाने उजव्या बाजूचा फोटो पाठवला आणि खाली एकच शब्द लिहिला: "तारे?" नियम असा की झेंड्याची काठी विमानाच्या नाकाकडे आहे असं धरायचं. मग विमान पुढे जाताना झेंडा मागे फडफडतो. म्हणून ताऱ्यांचा निळा चौकोन दोन्ही बाजूंना नाकाकडेच येतो, आणि उजव्या बाजूचा झेंडा पुस्तकातल्या चित्राच्या उलटा दिसतो. तो छापखान्याचा दोष नाही. आता आम्ही डावी-उजवी वेगळी छापतो आणि पाकिटावर तसं लिहितोही. ब्रिटिश हवाई दलाच्या शेपटीवरच्या उभ्या पट्ट्यांतही लाल दोन्ही बाजूंना पुढेच असतो.

भारतीय हवाई दलाच्या गोल खुणेत बाहेरचं कडं केशरी आणि मधला ठिपका हिरवा. हे उलटं छापलेली डिकॅल बाजारात मिळतात, पाहून घ्या. 'भारत' हा शब्द आम्ही तयार फाँटमधून छापत नाही. एवढ्या बारीक आकारात अक्षरांच्या जोडावर शिरोरेषेत केसाएवढी फट पडते आणि एकदा दिसली की डोळा तिथेच जातो. म्हणून शिरोरेषा एक सलग रेघ म्हणून वेगळी काढतो आणि अक्षरं तिला खालून टांगतो.

जर्मनीची विमानं मागवणाऱ्यांनी क्रमांक तसाच लिहावा, उदाहरणार्थ १०+०३. मधलं '+' म्हणजे बेरीज नव्हे, ती हवाई दलाच्या क्रॉसची जागा. या ए३५० ला 'कुर्ट शुमाखर' हे नावही आहे, तेही छापून देतो.

हेलिकॉप्टर हवं असेल तर

अमेरिकेच्या मरीन दलाकडे असलेल्या, राष्ट्राध्यक्षांच्या हेलिकॉप्टरांना 'व्हाइट टॉप' म्हणतात: अंग गडद हिरवं, माथा पांढरा. सोबत जाणारी, सामान आणि माणसं नेणारी विमानं संपूर्ण हिरवी असतात. हिरवा चकचकीत, मॅट नव्हे. एवढं सांभाळलं की पुरे.

रंग न लावलेल्या जागा

पंखांच्या पुढच्या कडा आणि इंजिनांच्या तोंडाची कडी बहुतेक विमानांवर उघड्या धातूची असतात, कारण तिथे गारा, पाऊस आणि धूळ रंग टिकू देत नाहीत. मॉडेलवर "इथे रंग राहिला" अशी तक्रार येते, तो राहिलेला नसतो. नाकाच्या टोपीमागे रडार असतं, तिथे खऱ्या विमानावरही धातूची पूड असलेला रंग चालत नाही. म्हणून तुम्ही मागितलंत तरी नाक चंदेरी होणार नाही.

चकाकीबद्दल एक सूचना. फेडरल स्टँडर्ड या अमेरिकी सरकारच्या रंगयादीतल्या रंगक्रमांकात पहिला आकडा चकाकी सांगतो: १ म्हणजे पूर्ण चकचकीत, २ मध्यम, ३ मॅट. सी-१७ चा राखाडी ३६१७३, म्हणजे मॅट. पाहुण्यांच्या विमानांचे रंग १ ने सुरू होणारे. पण खऱ्याइतकी चकाकी लहान मापावर दिली की मॉडेल खेळण्यासारखं दिसतं, म्हणून आम्ही ती मुद्दाम थोडी खाली आणतो. पूर्ण चकाकी हवी असल्यास ऑर्डर देतानाच सांगा, नंतर बदलता येत नाही.

ऑर्डरच्या कागदावर देश, शेपटीचा क्रमांक, साल आणि मापाचं प्रमाण लिहा. जमलं तर डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंचे फोटो जोडा. मॉडेल मिळाल्यावर पहिला आठवडा बंद काचेत ठेवू नका, रंगाचा वास निघून जाऊ द्या. थेट उन्हात मात्र कधीच नको, पांढरा रंग पिवळा पडतो.