कुलेशोव्ह वेगळा, न दाखवलेला द्रोण वेगळा

इंदुरात अॅनिमेशन शिकणाऱ्या पोरांच्या फिल्ममध्ये एक प्रसंग हमखास असतो: पात्र चौकटीबाहेर बघतं आणि डोळे विस्फारतं. का, म्हणून विचारलं की उत्तर तयारच, 'भिया, कुलेशोव्ह इफेक्ट आहे.' नाहीये तो!

कुलेशोव्ह सगळ्यांना पाठ असतो, म्हणून उरकतो. रशियात १९२०च्या सुमारास लेव्ह कुलेशोव्हने मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपला, कधी शवपेटीला जोडला. प्रेक्षकांना त्यात भूक दिसली, दुःख दिसलं. म्हणजे तिथे वस्तू समोर असते आणि चेहरा कोरा असतो.

न दाखवता सुचवायचं असेल तर नेमकं उलटं होतं. वस्तू गायब, त्यामुळे तिची सगळी माहिती चेहऱ्याने आणि अंगाने द्यायची. पोरं इथेच घसरतात, कारण त्यांना वाटतं भाव दाखवला की काम झालं. भावातून फक्त 'काहीतरी घडलं' एवढं कळतं.

सराफ्यातला, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातला, दहीवडा घ्या. भरलेला द्रोण हवेत उडवतात आणि दही न सांडता झेलतात. आता द्रोण दाखवायचाच नाही, चौकटीत फक्त समोरची गिऱ्हाइकं. आधी बुबुळं वर जातात, मग हनुवटी, मग मान. वर जाताना नजर मंदावत जाते, टोकाला जरा रेंगाळते, उतरताना वेग घेते. सेकंदाला २४ फ्रेम धरून वर जायला १२ आणि उतरायला १२ दिल्या, तर द्रोण साधारण सव्वा मीटर उडाला. तेवढ्यात सगळ्यांच्या माना आभाळाला टेकल्या तर तो द्रोण नाही, रॉकेट झालं. पुढे उभ्या माणसाने नकळत पाऊल मागे घेऊन पांढरा सदरा सावरला, की द्रोणात काहीतरी सांडणारं आहे हेही कळलं.

सगळ्यांच्या नजरा एकाच जागी मिळाल्या पाहिजेत. त्यासाठी द्रोण वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर, खरोखर काढा, नजरा त्यावर बांधा आणि मग तो लेयर बंद करा. अंदाजाने काढलेल्या नजरा चार दिशांना फाकतात, हे मी कितीदा सांगू!

डोळे खोबणीबाहेर उडतात तो 'टेक', म्हणजे दचकण्याची अतिशयोक्ती. त्याचा इथे संबंध नाही.

हाताने काढलेल्या पात्रावर खरा कुलेशोव्ह करायचा असेल तर अडचण वेगळीच. नट गप्प उभा राहिला तरी त्याचा श्वास चालू असतो. चित्र तसंच धरून ठेवलं तर फिल्म अडकल्यासारखी वाटते, त्यामुळे निदान पापणी तरी लववावी लागते.

आणि एवढं सगळं जमवून शेवटी द्रोणाचा क्लोजअप टाकणाऱ्यांना काय म्हणावं? मग माना कशाला हलवल्या? आवाज हवाच असेल तर द्रोण तळहातावर टेकल्याचा द्या, गर्दीच्या 'हाऽऽ'चा नको.