मामाचं गाव कोणतं? जोडीनं बोलण्याच्या सरावामागचा इतिहास

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजीचा तास लागला की लेकरं दोघा-दोघांनी समोरासमोर बसतात आणि सुरू होतं, "व्हॉट इज युवर नेम?", "व्हेअर डू यू लिव्ह?" ज्यांची नावं अंगणवाडीपासून ठाऊक, त्यांनाच ती विचारायची. हा सराव कुणासाठी तयार झाला होता, हे पाहिलं की त्याची अडचण नेमकी कुठे आहे ते कळतं.

आपल्याकडे खालच्या वर्गांत इंग्रजी फार उशिरा आलं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून झाकिर हुसेन समितीनं नई तालीमची योजना आखली. सात वर्षांचं शिक्षण, तेही मातृभाषेतून, आणि त्यात इंग्रजी नाही. पुढे मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायची. धडा वाचायचा, शब्दार्थ लिहून घ्यायचे, भाषांतर करायचं. मग वाक्यरचनांच्या पद्धतीचा काळ आला आणि "धिस इज अ बुक" अख्खा वर्ग एका सुरात म्हणू लागला. त्यानं उच्चार बसत, पण एकटं उभं केलं की लेकरू गप्प. इंग्रजी पहिलीपासून आली ती २००० साली.

जोडीनं स्वतःची माहिती सांगण्याचा धागा मात्र युरोपातला आहे. कामासाठी एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या प्रौढांना कमीत कमी किती भाषा लागते, याचा शोध युरोप परिषदेनं १९७० च्या दशकात हाती घेतला. भाषातज्ज्ञ यान व्हान एक (van Ek) यांनी १९७५ मध्ये इंग्रजीसाठी ती पायरी आखून दिली. तिच्या विषयांच्या यादीत सुरुवातीलाच स्वतःची ओळख आहे: नाव, पत्ता, वय, घरची माणसं, काम. परक्या गावात घर भाड्यानं घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी हे सांगावं लागतं, म्हणून. २००१ च्या युरोपीय भाषा-आराखड्यात अगदी पहिल्या पातळीलाही हेच अपेक्षित आहे: स्वतःची ओळख करून देणं आणि दुसऱ्याला तो कुठे राहतो, कुणाला ओळखतो, त्याच्याकडे काय आहे हे विचारता येणं.

म्हणजे या सरावाच्या मुळाशी दोन अनोळखी माणसं होती.

भारतात या विचाराला वेगळं वळण दिलं ते इंग्रजी कशी शिकवावी याचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत त्यांनी प्रयोग केला. एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही अशी माहिती असली तरच बोलणं घडतं, हा विचार त्यांच्या मांडणीत होता. पण त्यांचा जास्त भर तर्क लावून उत्तर काढण्यावर होता. मुलांना जोड्यांत किंवा गटांत बोलायला सोडण्याबद्दल ते साशंकच होते. शिक्षकाशिवाय मुलं एकमेकांच्या चुकाच घट्ट करतील, ही त्यांची भीती. ती खोटी नाही. तरीही पटावर चाळीस लेकरं असली तर तासाला एकेकाच्या वाट्याला मिनिटही येत नाही. मला जोडीच बरी वाटते, मात्र विचारण्यासारखं काही असेल तरच.

गावात असं काय असतं? नाव नाही, पत्ता नाही. पण मामाचं गाव असतं! अचलपूरकडचं पोरगं शेजाऱ्याला "व्हेअर डज युवर मामा लिव्ह?" विचारतं, तेव्हा त्याला उत्तर खरोखर माहीत नसतं. शेजारी म्हणतो, "मामा इन मोर्शी." लगेच पुढचा प्रश्न, तोही अर्धा वऱ्हाडीत: "कायनं जातं? बस?" "नो बस. ट्रेन अँड ऑटो." वाक्यं मोडकी आहेत, पण दोघंही ऐकताहेत. कोणत्या आठवडी बाजाराला जाता, घरी गुरं किती, पोळ्याला बैल कोण सजवतं, अशा प्रश्नांनाही हीच ताकद आहे. मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोलीतल्या माडिया लेकरासाठी मराठीसुद्धा शाळेत शिकलेली भाषा. त्याला घरचा शब्द तसाच इंग्रजी वाक्यात वापरू द्यावा.

एका प्रश्नाबाबत फार जपावं लागतं. "व्हॉट डज युवर फादर डू?" हा छापील प्रश्न कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात सरसकट विचारू नये. कुणाचा बाप कामासाठी पुण्या-सुरतेला गेलेला असतो, कुणाचा राहिलेलाच नसतो. अशा वेळी बनावट ओळखीच्या चिठ्ठ्या वाटाव्यात. चिठ्ठीवर नाव, गाव, धंदा, घरची माणसं लिहिलेली. ज्याच्या हाती जी येईल ती त्याची ओळख. लेकराला घरचं काही उघडं करावं लागत नाही आणि शेजाऱ्याला उत्तरही आधी माहीत नसतं.

जोडीचं बोलणं झालं की सोबत्याबद्दल वर्गाला सांगायला लावावं. "आय लिव्ह"चं "शी लिव्हज" तिथेच होतं, आणि प्रभूंना भीती होती त्या चुका पकडायला सर-मॅडमना जागाही तिथेच मिळते.