पार्वोचा डोस सोळा आठवड्यांपर्यंत का लांबतो

इंदुरात कुत्र्यांची पुष्कळ पिल्लं महिना-सव्वा महिन्याची असतानाच नव्या घरी येतात. सोबत लसीकरणाचं पुस्तक, त्यात एक तारीख आणि “पहिला डोस झालाय” ही तोंडी हमी. थोड्याच दिवसांत पिल्लू खाणं सोडतं, पिवळी फेसाळ उलटी करतं, पाठोपाठ रक्ताचे जुलाब लागतात आणि घरचे विचारतात, लस दिली होती ना, मग पार्वो (कुत्र्यांचा हा जीवघेणा विषाणूजन्य रोग) कसा झाला? लस बनावटच होती असं नाही. पुष्कळदा ती अशा वयात टोचलेली असते की अंगी लागतच नाही. हे वयाचं गणित पार्वोच्याही आधीपासून चालत आलं आहे.

कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगांत सगळ्यांत आधी रेबीज आणि मग डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक जीवघेणा संसर्ग) यांच्यावर काम झालं. १९०५ मध्ये फ्रान्समध्ये आंरी कारे यांनी दाखवलं की डिस्टेंपरचं कारण जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होतं. १९२३ मध्ये इंग्लंडात शिकारीची आवड असलेल्यांच्या एका साप्ताहिकाने निधी गोळा केला आणि त्या पैशावर लेडलॉ व डंकिन यांनी फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यावर प्रयोग करून उपयोगी लस तयार केली. (फेरेटवरच्या याच अनुभवातून १९३३ मध्ये माणसाच्या फ्लूचा विषाणू हाती लागला, कुत्र्यांवरचा खर्च वाया गेला असं कोणी म्हणू नये.) पुढे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात लक्षात आलं की आईच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचं (रोगाशी लढणाऱ्या प्रथिनांचं) प्रमाण मोजलं, तर तिच्या पिल्लांवर लस कोणत्या वयात काम करेल याचा अंदाज बांधता येतो. १९५९ मध्ये त्याचा तक्ताच छापला गेला. पार्वो तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

तो आला १९७८ मध्ये. मांजरांच्या पॅनल्यूकोपेनिया या रोगाच्या विषाणूशी त्याचं इतकं जवळचं नातं आहे की बाह्य कवचातल्या मोजक्या अमिनो आम्लांच्या बदलाने तो कुत्र्याच्या पेशीत शिरू लागला. जगातल्या एकाही कुत्र्याकडे प्रतिकारशक्ती नव्हती, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांत तो सगळीकडे पोचला. पार्वोला भराभर विभागणाऱ्या पेशी लागतात: मोठ्या पिल्लात आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा, अगदी तान्ह्या पिल्लात हृदयाचा स्नायू. म्हणून सुरुवातीच्या त्या वर्षांत वरवर धडधाकट पिल्लं दूध पिता पिता अचानक मरत. आज हा प्रकार क्वचितच दिसतो, कारण बहुतेक आयांकडे प्रतिपिंडं असतात. लस येईपर्यंत मांजरांची लस कुत्र्यांना टोचून वेळ निभावली. भारतात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासहून पहिल्या नोंदी झाल्या. इंदूरजवळच्या महूचं पशुवैद्यक महाविद्यालय १९५५चं. तिथून शिकून निघालेल्या पहिल्या अनेक तुकड्यांच्या पुस्तकांत हा रोगच नव्हता.

मूळ विषाणूची जागा लवकरच २ए, मग २बी आणि २००० मध्ये इटलीत सापडलेल्या २सी या प्रकारांनी घेतली. “नवा स्ट्रेन आहे, जुनी लस चालत नाही” असं ऐकू येतं, पण त्यात फारसं तथ्य नाही. वेळेवर दिलेली लस या तिन्हींपासून वाचवते.

खरी अडचण आईच्या चिकाची. पिल्लाला बहुतेक प्रतिपिंडं जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात चिकातून मिळतात आणि साधारण दर दहा दिवसांनी ती निम्मी होतात. १९८२ मध्ये पोलॉक आणि कारमायकेल यांनी हे मोजून दाखवलं. प्रतिपिंडांची पातळी (रक्तद्रव किती पट पातळ केलं तरी ती सापडतात, तो आकडा) ८०च्या वर असली तर पिल्लू सुरक्षित. ८०च्या खाली उतरली की रस्त्यावरचा विषाणू जिंकतो, पण लसीतला अशक्त केलेला विषाणू मात्र उरलेल्या प्रतिपिंडांकडून मारला जातो. पातळी १०च्या आसपास येईपर्यंत, म्हणजे तीनदा निम्मी होईपर्यंत, हे चालतं. त्या काळातल्या लसींच्या हिशेबाने हा जवळजवळ महिना होतो. आजच्या जोरदार लसींनी तो कमी झाला, संपला नाही. कोणत्या पिल्लाचा हा काळ सहाव्या आठवड्यात येईल आणि कोणाचा चौदाव्या, हे बाहेरून कळत नाही. एकाच वेतातल्या भावंडांतही फरक पडतो, कारण चीक कोणी किती प्यायला हे वेगळं असतं.

म्हणून सहा ते आठ आठवड्यांना पहिला डोस, मग दर दोन ते चार आठवड्यांनी पुढचा, आणि शेवटचा सोळा आठवड्यांना किंवा त्यानंतर. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनी सोळाची अट पक्की केली, आणि सव्वीसाव्या आठवड्याला आणखी एक डोस सुचवला. हे डोस बूस्टर म्हणून दिले जात नाहीत. त्यांतला एक तरी लागू पडावा एवढाच हेतू असतो. महिना-सव्वा महिन्याच्या पिल्लाला दिलेली लस या हिशेबात जवळजवळ धरायचीच नाही. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताही येत नाही.

पुस्तकात बाटलीवरचं सोललेलं स्टिकर, बॅच नंबर आणि मुदत बघा. नुसत्या तारखेला अर्थ नाही. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवी. लसीची पांढरी वडी सोबत आलेल्या द्रवात विरघळवली की लगेच टोचावी. आणि छोट्या जातीचं पिल्लू म्हणून अर्धी बाटली देऊ नये, डोस वजनावर ठरत नाही.

उपचारांचाही इतिहास आहे. पूर्वी उलटी थांबेपर्यंत पिल्लाला उपाशी ठेवत. २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासाने नाकातल्या नळीने पहिल्या दिवसापासून भरवलेली पिल्लं लवकर सावरतात हे दाखवलं. बाकी पाया सलाईनचाच: ५ किलोच्या, ८ टक्के पाणी गेलेल्या पिल्लाला ४०० मिली तूट भरून काढायला आणि दिवसाचे ३०० मिली वेगळे, शिवाय उलटी-जुलाबात जाईल तेवढं. खालावलेल्या पिल्लाला कातडीखाली दिलेलं पाणी जागीच साचून राहतं, शिरेतूनच द्यावं लागतं. वेळेवर असे उपचार मिळाले तर दहातली आठ-नऊ वाचतात. दही-भात देऊन दोन दिवस वाट पाहिली की आकडा उलटा होतो.

२०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर घेणाऱ्या इंदुरात फिनाइलचा पोछा घरोघरी लागतो, पण पार्वोला फिनाइल किंवा स्पिरिट काही करत नाही. घाण आधी पूर्ण काढून, १ भाग हायपोक्लोराइटचं ब्लीच ३० भाग पाण्यात कालवून फरशी किमान १० मिनिटं ओली ठेवावी. मळ राहिला की क्लोरीन त्यातच संपतं. अंगणातल्या सावलीच्या ओल्या मातीत विषाणू कित्येक महिने टिकतो आणि तिथे ब्लीचचाही इलाज चालत नाही, त्यामुळे अशा घरी पुढचं पिल्लू सोळा आठवड्यांपुढचं, डोस पूर्ण झालेलंच आणावं.